कासवाची ओळख : बिल्ला, चेहरा आणि पाणबुड्यांची साक्ष

सर जेम्स इमर्सन टेनंट यांनी सिलोनच्या प्राणिसृष्टीवरील आपला ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध केला. त्यात सागरी कासवांसंबंधी लिहिताना त्यांनी एक लहानशी हकीकत नमूद केली आहे. १८२६ साली हंबनटोटाजवळ हॉक्सबिल जातीचे एक कासव सापडले. त्याच्या एका पायात कडे होते. आणि हे कडे तीस वर्षांपूर्वी एका डच अधिकाऱ्याने, ही कासवे फिरून फिरून त्याच किनाऱ्यावर येतात किंवा कसे याचा निर्णय व्हावा म्हणून घातलेले होते. हकीकत एवढीच आहे. अधिकाऱ्याचे नाव टेनंट देत नाहीत. कड्यावर काय कोरले होते तेही सांगत नाहीत. तथापि सालांचा मेळ पाहता ती सर्वस्वी अग्राह्य वाटत नाही. १८२६ मधून तीस वजा केले असता १७९६ येते, आणि सिलोनच्या किनाऱ्यावरील डच अंमल १७९६ मध्येच इंग्रजांनी संपुष्टात आणला. म्हणजे कडे घातले गेले ते डच अंमलाच्या अगदी अखेरीस. प्रश्न विचारणारे राज्य गेले, दुसरे आले, आणि उत्तर मिळाले ते या दुसऱ्या राज्यातील लोकांना.

इतिहासाच्या अभ्यासकाने या नोंदीपाशी क्षणभर थांबावे असे वाटते. येथे ओळख पटली ती कड्याची. कासव तेच आहे हे कड्यावरून अनुमानिले गेले. कडे गळून पडले असते तर १८२६ मध्ये सापडलेले कासव हे हजारो कासवांपैकी एक ठरले असते आणि टेनंटच्या ग्रंथात त्याचा उल्लेखही आला नसता. एखादा विशिष्ट प्राणी ‘तोच’ आहे हे कशाच्या आधारे म्हणावयाचे, आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता प्राणिशास्त्राचा आहे. परंतु त्याचे स्वरूप साधनचिकित्सेचे आहे. सागरी कासवांची वैयक्तिक ओळख पटविण्याचे उपाय गेल्या शतकात कसकसे बदलले, आणि त्या बदलाबरोबर कोणती कासवे नोंदीत आली व कोणती बाहेर राहिली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

विषयप्रवेशासाठी कासवाच्या जीवनक्रमातील एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू समुद्रात शिरते. ते नर असेल तर बहुधा पुन्हा कधीच जमिनीवर येत नाही. मादी असेल तर ती प्रौढ झाल्यावर, म्हणजे जातीपरत्वे दहा ते तीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी, अंडी घालण्यापुरती वाळूवर येते आणि तासा-दोन तासांत परत जाते. हवाई बेटांतील हिरवी कासवे ऊन खाण्यासाठी किनाऱ्यावर पडून राहतात, पण असे अपवाद थोडे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला कासवाच्या आयुष्याचा अतिशय अल्प अंश येतो, आणि तोही केवळ प्रौढ मादीचा.

शास्त्रशुद्ध खुणा करण्याचे आरंभीचे प्रयत्न याच अल्प अंशावर उभे होते. मत्स्यशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी डॅनिश वेस्ट इंडिज बेटांत कासवांना खुणा करण्याचे प्रयोग केले व १९१६ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युरोपातील वाम मासे अंडी घालण्यास सारगासो समुद्राकडे जातात हे दाखवून देणारे श्मिट ते हेच. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरील हेरन बेटावर मूरहाउस यांनी अंडी घालणाऱ्या हिरव्या कासवांना खुणा केल्या आणि एकच मादी एका हंगामात अनेक वेळा अंडी घालते हे १९३३ मध्ये मांडले. १९५० च्या दशकाच्या आरंभी सारावाक येथील संग्रहालयाचे प्रमुख टॉम हॅरिसन यांनी गुरांच्या कानात मारावयाचे धातूचे बिल्ले कासवांच्या पुढच्या पायांस मारण्यास सुरुवात केली. साधन गोठ्यातले, पण उपयोग समुद्रात; आणि तो टिकाऊ ठरला.

आर्ची कार हे फ्लॉरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९५५ साली कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर जे काम आरंभिले ते पुढे या विषयातील सर्वांत दीर्घकालीन काम ठरले. पहिल्या हंगामात त्यांनी कासवाच्या कवचाच्या मागील कडेस भोके पाडून तारेने चकत्या बांधल्या. मीलनसमयी नर मादीच्या पाठीवर चढतो. त्याच्या घर्षणाने चकत्या तुटून गेल्या. तेव्हा कार यांनीही गुरांचे बिल्ले पत्करले. बिल्ल्यावर अनुक्रमांक, विद्यापीठाचा पत्ता व परत पाठविणाऱ्यास इनाम देण्याचे आश्वासन इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत कोरलेले असे. या बिल्ल्यांनी जे सांगितले ते खरोखर मोलाचे होते. तोर्तुगेरोची मादी दरवर्षी येत नाही, दोन-तीन किंवा अधिक वर्षांच्या अंतराने येते. आली की बहुशः त्याच किनाऱ्यावर येते. आणि मधल्या काळात ती शेकडो मैल दूर, विशेषतः निकाराग्वाच्या मिस्कितो किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, गवत चरत असते.

ही तिसरी गोष्ट कशी कळली, याचा विचार मात्र फारसा होत नाही. निकाराग्वाच्या समुद्रात कोणी शास्त्रज्ञ बसलेला नव्हता. तेथे कासवांची शिकार करणारे कोळी होते. त्यांनी कासव धरले, कापले, त्याच्या पायातील बिल्ला काढला आणि इनामासाठी पाठविला. नकाशावर तोर्तुगेरोपासून उत्तरेकडे काढलेली प्रत्येक रेषा बहुधा एका मारल्या गेलेल्या कासवाची रेषा होती. त्या कासवाचे चरित्र दोन नोंदींचे झाले: पहिली अंडी घालतानाची, दुसरी मरणाची. या कोळ्यांच्या साक्षीवाचून कासवांच्या स्थलांतराचा इतिहास लिहिलाच गेला नसता, हे मान्य केले पाहिजे. आणि त्या साक्षीचे स्वरूपही मान्य केले पाहिजे. शास्त्रज्ञांच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘बिल्ला परत आला’ अशा कर्तृहीन वाक्यरचनेत येतो. बिल्ला आपण होऊन येत नाही.

दुसरे वैगुण्य धातूचे. समुद्राच्या पाण्यात धातू झिजतो, पायाची कातडी फाटते, बिल्ला गळतो. बिल्ला गळाला की जुने कासव नोंदवहीत नवे होते. पूर्वीची मादी परत आलीच नाही असा एक निष्कर्ष निघतो आणि नवी मादी आली असा दुसरा; दोन्ही चुकीचे, आणि दोन्ही संख्याशास्त्राच्या सारण्यांत निमूटपणे बसतात. व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉय येथे लेदरबॅक कासवांच्या बाबतीत हे उघडकीस आले. या कासवाच्या डोक्यावर गुलाबी रंगाचा एक डाग असतो व त्याचा आकार प्रत्येक कासवात निराळा असतो. मॅक्डॉनल्ड व डटन या अभ्यासकांनी त्वचेखाली बसविलेल्या सूक्ष्म बिल्ल्यांचा आणि या डागाच्या छायाचित्रांचा आधार घेऊन १९७९ ते १९९५ या काळातील नोंदी पुन्हा तपासल्या. ‘प्रथमच आलेल्या’ म्हणून गणलेल्या कित्येक माद्या वास्तविक जुन्याच होत्या, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दाखविले आहे. बखरीतील एकाच पुरुषाचे दोन पुरुष व्हावेत आणि पुढे अस्सल पत्रांवरून ते एकच असल्याचे सिद्ध व्हावे, तसाच हा प्रकार आहे.

आता समुद्राच्या आतील बाजूकडे वळू. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये पाठीवर वाहून नेण्याचे श्वसनयंत्र सिद्ध केले. १९६३ मध्ये निकॉन कंपनीने पाण्याखाली वापरण्याजोगा निकोनॉस कॅमेरा बाजारात आणला. या दोन साधनांमुळे जो समुद्रतळ पूर्वी मोत्ये काढणाऱ्या व स्पंज गोळा करणाऱ्या पाणबुड्यांपुरता होता तो सुटी घालविण्यासाठी आलेल्या प्रवाशासही खुला झाला. पाण्याखाली उतरणारे बहुतेक जण अर्थातच मौजेसाठी उतरतात. पण मौजेसाठी उतरणारा मनुष्य जर दरवर्षी त्याच जागी उतरू लागला, तर तो नकळत पहारेकरी होतो. येथून पुढील कथा अशाच दोघांची आहे.

पीटर बेनेट आणि उर्सुला कॉयपर-बेनेट हे कॅनडातील दांपत्य. हवाई द्वीपसमूहातील माउई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर होनोकोवाई नावाचे स्थळ आहे. तेथे ते उन्हाळ्यात पाण्याखाली पोहण्यास जात. १९८८ पासून त्यांनी तेथील हिरव्या कासवांची छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्यास आरंभ केला आणि पुढे अनेक उन्हाळे तोच क्रम चालू ठेवला. कासवाच्या गालावर, डोळ्याच्या मागे, जे खवले असतात त्यांची मांडणी प्रत्येक कासवात भिन्न असते व ती वर्षानुवर्षे बदलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कासवांना त्यांनी नावे दिली. नाव देण्याच्या या रीतीस काही शास्त्रज्ञ नाक मुरडतात. परंतु अनुक्रमांकात जे नसते ते नावात असते: पुढच्या वर्षी त्याची वाट पाहिली जाते.

ज्या काळात हे दांपत्य होनोकोवाईच्या पाण्यात उतरत होते तो हवाईच्या कासवांचा कठीण काळ होता. त्यांची शिकार १९७० च्या दशकात कायद्याने बंद झाली होती आणि संख्या हळूहळू वाढू लागली होती. पण फायब्रोपॅपिलोमा नावाचा रोग त्यांच्यात पसरला होता. या रोगात कातडीवर, तोंडात आणि विशेषतः डोळ्यांभोवती गाठी वाढतात. गाठी डोळे झाकतात, कासवाला दिसेनासे होते, खाता येईनासे होते. रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९३८ सालचे, न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील कासवांवरून केलेले. त्याचा संबंध एका नागीण-विषाणूशी असल्याचे पुढे आढळले. १९८० व १९९० च्या दशकांत हवाईच्या किनाऱ्यांवर मरून पडणाऱ्या कासवांपैकी पुष्कळांच्या अंगावर या गाठी असत, आणि रोग झाला की कासव गेले, असा समज सर्वसाधारणपणे दृढ होता.

हा समज कोणत्या पुराव्यावर उभा होता ते पाहण्याजोगे आहे. तो मुख्यतः किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांवर उभा होता. जे कासव मेले ते किनाऱ्यावर आले आणि त्याची नोंद झाली. जे मेले नाही ते समुद्रात राहिले आणि त्याची नोंद झाली नाही. दप्तरखान्यात केवळ मृत्यूचे दाखले असतील तर त्यावरून असाध्यतेचा निष्कर्ष निघणे अपरिहार्य आहे. समुद्रात जाऊन केलेली मोजणीही येथे पुरी पडत नाही. समजा, एका वर्षी शंभरांत चाळीस कासवे रोगी आढळली आणि तीन वर्षांनी तीस. दहा मेली की दहा बरी झाली? नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. ते सांगावयाचे तर प्रत्येक कासव ओळखता आले पाहिजे, आणि तेच कासव पुन्हा पाहता आले पाहिजे. रोगाच्या उताराचा पुरावा हा मुळात ओळखीचा पुरावा असतो.

बेनेट दांपत्याजवळ नेमका हाच पुरावा होता. गालावरील खवल्यांवरून जे कासव तेच असल्याबद्दल संशय नव्हता, त्याच्या एका उन्हाळ्याच्या छायाचित्रात गाठी मोठ्या होत्या, नंतरच्या उन्हाळ्यांत त्या लहान होत गेल्या, आणि काही कासवांच्या बाबतीत तर त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. सर्वच कासवांचे असे झाले नाही. कित्येकांच्या गाठी वाढत गेल्या आणि ती कासवे पुन्हा दिसली नाहीत. पण रोग एकाच दिशेने जातो हे मत या छायाचित्रांपुढे टिकण्यासारखे नव्हते. होनोलुलू येथील सरकारी मत्स्यखात्यातील जॉर्ज बालाझ हे १९७३ पासून हवाईच्या कासवांचा अभ्यास करीत होते. त्यांनी हे साहित्य ‘हौशी लोकांच्या चित्रांचा संग्रह’ म्हणून बाजूस सारले नाही. होनोकोवाईच्या कासवांतील गाठींच्या उताराचा छायाचित्रांकित पुरावा या तिघांच्या संयुक्त नावाने सागरी कासवांच्या वार्षिक परिसंवादाच्या वृत्तांतात छापला गेला. दोन पाणबुडे आणि एक शास्त्रज्ञ अशी ती नावांची रांग आहे, आणि पाणबुड्यांची नावे आधी आहेत. निकाराग्वाच्या कोळ्यांना जे मिळाले नाही ते येथे मिळाले.

पुढे निराळ्या पद्धतीने मिळविलेल्या पुराव्याने या निष्कर्षास बळकटी आली. मोलोकाई बेटाच्या पालाआउ येथे कासवे धरून, तपासून, सोडून देण्याचे काम दीर्घकाळ चालू होते. शालूप्का, वर्क व बालाझ यांनी त्या २६ वर्षांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दाखविले की तेथील रोगाचे प्रमाण १९९० च्या दशकात शिगेस पोहोचले आणि नंतर उतरत गेले. एकाच घटनेस दोन स्वतंत्र साधनांचा दुजोरा मिळावा असे आपण इतिहासात म्हणतो. येथे तो मिळाला. माउईतील चित्रांनी एकेका कासवाचे वर्तमान सांगितले, मोलोकाईतील नोंदींनी समूहाचे.

चेहऱ्यावरून प्राणी ओळखण्याची कल्पना कासवांपुरतीच नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून ब्युइक हंसांना त्यांच्या चोचीवरील काळ्यापिवळ्या नक्षीवरून ओळखण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे नागरहोळेच्या अरण्यात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात वाघांची गणना ठशांवरून न करता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून केली. पण वाघाचा कॅमेरा झाडाला बांधून ठेवता येतो. कासवाच्या गालाचे चित्र घ्यावयाचे तर कोणी तरी त्याच्याजवळ जाऊन त्याच्याच वेगाने पोहावे लागते. आणि खाऱ्या पाण्यात पगारी नोकर ठेवून हे काम वर्षानुवर्षे करवून घेणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. म्हणून या क्षेत्रात पाणबुड्यांचे साहाय्य सोय म्हणून आले नाही. पद्धतच त्यांच्यावाचून संभवत नाही.

हौशी नजरेला शास्त्रीय रीतीचे रूप देण्याचे काम विशेषत्वाने हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर झाले. तेथील सेंट-ल्यू या गावी १९७० च्या दशकात हिरव्या कासवांची शेती सुरू झाली होती. दूरच्या बेटांवरून पिल्ले आणावीत, वाढवावीत आणि त्यांचे मांस व कवच विकावे असा तो उद्योग. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे तो बंद पडला आणि त्याच जागी केलोनिया ही कासवांच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. या संस्थेतील जाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गालावरील प्रत्येक खवल्यास संकेतांक देण्याची पद्धत बसविली: खवला कोणत्या ओळीत आहे, त्या ओळीत कितवा आहे आणि त्याला बाजू किती आहेत. या तीन अंकांच्या मालिकेने एक गाल लिहून काढता येतो. डावा व उजवा गाल एकसारखा नसतो, म्हणून दोन्ही लिहावे लागतात. पाणबुड्यांनी दिलेल्या चित्रांवर ही पद्धत चालविल्याचा त्यांचा वृत्तांत २०१० साली हिंदी महासागरातील कासवांना वाहिलेल्या, भारतातून संपादित होणाऱ्या वार्तापत्रात आला. खवल्यांची मांडणी दहा वर्षांहूनही अधिक काळ कायम राहते हे त्याच बेटावरील निरीक्षणांनी पुढे सिद्ध केले. अलीकडे झेब्रा, बिबळ्या यांच्यासारख्या प्राण्यांसाठी तयार केलेल्या संगणक-कार्यक्रमांनी कासवांचे चेहरेही जुळविले जातात. परंतु शेवटचा निवाडा अद्याप माणसाच्या डोळ्यानेच करण्याची रीत आहे, आणि ती योग्य आहे.

या चित्रांमुळे नोंदीत कोण आले? प्रथम, नर आले. ग्रीसच्या झाकिंथोस बेटाभोवतालच्या उपसागरात पोहत घेतलेल्या चित्रांवरून लॉगरहेड जातीचे नर वैयक्तिकरीत्या ओळखले जाऊ लागले. किनाऱ्यावर उभे राहून हे कदापि झाले नसते. दुसरे, पोरवयाची कासवे आली. प्रवाळाच्या आश्रयाने वाढणारे हॉक्सबिलचे पोर त्याच एका खडकाभोवती वर्षानुवर्षे राहते हे पाणबुड्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता त्याला आधार मिळाला. तिसरे, रोगी व जखमी कासवे आली, ज्यांची कथा वर सांगितली. आणि नोंदीतील दुसरा उल्लेख हा मरणाचाच असावा ही अट गेली.

एवढे सांगून थांबणे मात्र एकांगी होईल, कारण या साधनातही दोष आहेत आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. तारखेवाचूनचे चित्र हे तारखेवाचूनच्या पत्रासारखे होय. ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी जंत्र्या करून आपल्याला मित्या जुळविण्याचे साधन दिले. कासवाच्या चित्रास अशी कोणतीही जंत्री लागू पडत नाही. चित्रावर दिवस नसेल, स्थळ नसेल, तर ते सुंदर असूनही निरुपयोगी आहे. पाणबुडे स्वच्छ पाण्यात, चांगल्या हवेत, धर्मशाळा जवळ असेल तेथे उतरतात; म्हणून नकाशावर कासवे दाट दिसतात ती बरीचशी पाणबुड्यांची दाटी असते. एखादे कासव दिसले नाही याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही. त्या आठवड्यात कोणी गेले नाही, एवढाच कदाचित असेल. शिवाय बुजऱ्या कासवाचे चित्र मिळत नाही आणि धीट कासवाची शंभर मिळतात. चांगल्या चित्राच्या हव्यासाने कासवाचा पाठलाग करणारे, त्याला श्वास घेण्यास वर जाऊ न देणारे पाणबुडेही आहेत. जे साधन जिवंत कासवाला न दुखविता ओळखते म्हणून आपण त्याची थोरवी गातो, ते वापरणाऱ्याच्या हातून कासवाला उपद्रव होऊ नये, ही अपेक्षा वावगी नाही. आणखी एक धोका असा की, कोणते कासव कोणत्या खडकाखाली झोपते हे जगजाहीर केले म्हणजे ते चोरट्या शिकाऱ्यालाही कळते. म्हणून नेमके स्थळ प्रसिद्ध न करण्याचा संकेत काही ठिकाणी पाळला जातो.

हे सर्व दोष ध्यानात घेऊनही काय साधते, याचे जवळचे उदाहरण मालदीवचे. तेथे १९९५ साली कासवांच्या शिकारीवर बंदी आली. अंड्यांना पूर्ण संरक्षण मिळण्यास २०१६ उजाडले. २०१३ साली स्थापन झालेल्या ऑलिव्ह रिडले प्रॉजेक्ट या संस्थेने तेथील विश्रामगृहांतील जीवशास्त्रज्ञ, पाणबुडे व प्रवासी यांच्याकडून आलेल्या चित्रांची सूची सिद्ध केली. संस्थेचे नाव ज्या कासवावरून पडले ते मालदीवात मुख्यतः सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून वाहत येते. चित्रसूची मात्र तेथे राहणाऱ्या हॉक्सबिलांची व हिरव्या कासवांची आहे. २०१६ ते २०१९ या वर्षांतील चित्रांवरून, अभ्यासलेल्या स्थळी कासवांची संख्या स्थिर आहे किंवा वाढत आहे असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदी घातली गेली आणि तिचा परिणाम झाला किंवा नाही हे राज्यकर्त्यांना सांगता यावे, यासाठी एकेका कासवाचा गाल ओळखावा लागला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे पाहिले असता चित्र वेगळे आहे. वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून घरटी राखण्याचे काम आरंभिले आणि ते कोकणात अनेक गावी पसरले. परंतु आपल्याकडे अंडी घालण्यास येते ते ऑलिव्ह रिडले कासव. ते बहुतांश आयुष्य खुल्या समुद्रात काढते आणि प्रवाळाच्या खडकांपाशी पाणबुड्याची वाट पाहत बसत नाही. मालवण-तारकर्लीस पाण्याखाली पोहणे आता पुष्कळ रूढ झाले आहे. तरी आपले पाणी पावसाळ्यात तर गढूळ असतेच, पण एरवीही लक्षद्वीप किंवा मालदीवच्या पाण्याइतके निवळ नसते. गालावरील खवले मोजण्याजोगे चित्र येथे मिळणे दुर्घट आहे. त्यामुळे कोकणात धातूचा बिल्ला आणि उपग्रहाशी बोलणारे यंत्र हीच मुख्य साधने राहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नामक मादीच्या पाठीवर असे यंत्र बसविण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेस वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. यंत्राचे आयुष्य मात्र महिन्यांचे असते, कासवाचे दशकांचे.

बागेश्रीने जो मार्ग जाताना दाखविला, त्याचा उलट प्रवास एका साध्या बिल्ल्याने दाखविला. ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागाने २०२१ साली पुन्हा बिल्ले मारण्यास आरंभ केला होता. त्यांपैकी ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला पायात असलेली एक मादी २०२५ च्या आरंभी गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील माद्या आपापल्या किनाऱ्याला धरून असतात अशी सामान्यतः समजूत होती. तिला या एका क्रमांकाने धक्का बसला. मधली चार वर्षे ती कोठे होती, श्रीलंकेच्या कोणत्या बाजूने वळली, आणखी कोठे वाळूवर चढली का, याविषयी नोंदवहीत काही नाही. ती दक्षिणेकडून वळली असेल, तर हंबनटोटाचा किनारा तिच्या वाटेवर पडला असेल. तिच्या गालाची दोन्ही बाजूंनी स्वच्छ चित्रे घेऊन ठेवली, तर पुढे बिल्ला गळाला तरी ती ओळखता येईल; वाळूवर अंडी घालीत असलेल्या मादीचे असे चित्र मंद उजेडात, ती अंडी घालून परत फिरल्यावर, घेता येते. गुहागर, वेळास, आंजर्ले येथील कासवमित्रांना हे काम शिकविण्यास एक दिवस पुरेल.